ईगॉर सिकोर्स्की: वणव्यापर्यंत पोहोचणाऱ्या यंत्राचे कर्ते

उन्हाळ्यात डोंगरास लागलेला वणवा आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. रात्रीच्या काळोखात दुरून तो नुसता एक तांबडा नागमोडी पट्टा दिसतो. परंतु ज्यांचे गवत, ज्यांची काजूची वा आंब्याची झाडे, ज्यांची गुरे त्या पट्ट्याच्या वाटेत असतात, त्यांस त्याचे भय किती हे वेगळे सांगावयास नको. हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपून काढणे आणि तिच्यापुढचे गवत काढून जाळरेषा पाडणे, हे उपाय वाडवडिलांपासून चालत आले आहेत व आजही तेच मुख्य आहेत. परंतु जेथे माणसाचा पाय ठरत नाही अशा कड्याकपारीत आग शिरली म्हणजे हे उपाय खुंटतात. अशा ठिकाणी अलीकडे आकाशातून साह्य येऊ लागले आहे. मार्च २०२३ मध्ये गोव्यातील म्हादई अभयारण्यात व त्याच्या आसपासच्या रानांत वणवे पेटले, तेव्हा वायुदलाच्या व नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी उचलून नेऊन त्यांवर ओतले. त्यापूर्वी २०१६ च्या उन्हाळ्यात उत्तराखंडातील जंगले जळत असता भीमताल तलावाचे पाणी ह्याच रीतीने डोंगरांवर नेण्यात आले होते.

हेलिकॉप्टर हे कोणा एकट्याच्या बुद्धीचे फळ नव्हे. परंतु आज जगात ज्या घडणीची हेलिकॉप्टरे सर्वांत अधिक दिसतात, ती घडण ज्यांनी यशस्वी करून दाखविली व कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर काढली, ते ईगॉर सिकोर्स्की होत. ते थोर यंत्रज्ञ होते, एवढ्याचसाठी आम्ही त्यांचे चरित्र येथे देत नाही. मनुष्य आपल्या हातांनी जे घडवितो त्याचा पुढे कोणत्या कामी उपयोग होईल, हे त्याच्या हाती असते काय, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा उभा राहिला. त्यास त्यांनी तोंडाने थोडे व कृतीने पुष्कळ उत्तर दिले, असे आम्हांस वाटते.

बालपण व पहिले अपयश

ईगॉर सिकोर्स्की यांचा जन्म २५ मे १८८९ रोजी कीव्ह शहरी झाला. हे शहर त्या काळी रशियाच्या साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशाची राजधानी आहे. त्यांचे आजोबा ऑर्थोडॉक्स मंडळीचे धर्मगुरू होते आणि वडील मनोविकारांच्या विद्येचे नामांकित अध्यापक होते. आई वैद्यकी शिकलेली असून तिने धंदा मात्र केला नाही. आपली विद्या तिने मुलांच्या शिक्षणास लावली. लिओनार्दो दा विंची या इटालियन चित्रकाराने चारशे वर्षांपूर्वी मळसूत्रासारखे फिरून वर चढणारे एक यंत्र कागदावर काढून ठेवले होते. त्याची हकीकत तिने लहान ईगॉरला सांगितली, आणि ती त्याच्या मनात घर करून राहिली. बारा वर्षांचा असता त्याने रबराच्या पिळावर चालणारे एक खेळणे केले, आणि ते खरोखर हवेत वर गेले.

१९०३ साली त्यास सेंट पीटर्सबर्ग येथील नाविक विद्यालयात घातले. परंतु त्याचा ओढा यंत्रविद्येकडे होता, म्हणून तीन वर्षांनी ते शिक्षण सोडून तो काही काळ पॅरिस येथे व नंतर कीव्हच्या तंत्रविद्यालयात शिकला. १९०८ साली वडिलांबरोबर जर्मनीत गेला असता राइट बंधूंच्या विमानोड्डाणाची बातमी त्याच्या वाचण्यात आली. त्या दिवसापासून आपले आयुष्य उड्डाणविद्येस द्यावयाचे असा त्याने निश्चय केला. त्याचे वय तेव्हा एकोणीस वर्षांचे होते.

थोरली बहीण ओल्गा हिने आपल्या पैशातून त्यास साह्य केले. त्या रकमेवर तो १९०९ साली पॅरिसला गेला आणि तेथून पंचवीस अश्वशक्तीचे एक इंजिन विकत घेऊन आला. हेलिकॉप्टरच्या नादी लागू नये, असा जाणत्या विमानकर्त्यांचा सल्ला त्यास मिळाला होता. पण तरुणपणी असे सल्ले कानांतच राहतात. कीव्हला आपल्या घरच्या आवारात त्याने पहिले हेलिकॉप्टर बांधले. ते जागच्या जागी भयंकर हादरले, पण उठले नाही. १९१० साली दुसरे बांधले. ते स्वतःचे ओझे उचलू शकले, माणसाचे मात्र उचलू शकले नाही.

येथे सिकोर्स्की यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली, आणि तिच्यात त्यांच्या स्वभावाची किल्ली आहे. कल्पना खोटी आहे असे त्यांनी ठरविले नाही. आणि हट्टाने त्याच यंत्रास चिकटून बहिणीचा पैसाही उधळला नाही. पुरेसे हलके व बलवान इंजिन अद्याप झालेले नाही, आणि आपल्या अंगचे ज्ञानही अपुरे आहे, हे त्यांनी ओळखले. तो विचार त्यांनी बाजूस ठेवला, आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे तो मनात राखून ठेवला.

मोठी विमाने

हेलिकॉप्टर सोडून ते पंखांच्या विमानांकडे वळले. १९११ साली एकदा त्यांचे विमान हवेत असता इंजिन एकाएकी बंद पडले आणि मोठ्या प्रयासाने ते जिवंत खाली उतरले. शोध करता असे आढळले की, पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्रात एक डास अडकला होता. एका डासाने माणसाचा जीव जावा, इतके नाजूक हे साधन असता कामा नये, असे त्यांच्या मनाने घेतले. विमानास एकाहून अधिक इंजिने असावीत व एक बंद पडले तरी उरलेल्यांनी त्यास तारावे, हा विचार ह्या प्रसंगातून बळावला.

त्या काळच्या पुष्कळ जाणत्यांस हा विचार वेडगळ वाटला. तरी सेंट पीटर्सबर्ग येथील रशियन-बाल्टिक वॅगन कारखान्याच्या आश्रयाने सिकोर्स्की यांनी तो तडीस नेला. मे १९१३ मध्ये त्यांचे चार इंजिनांचे प्रचंड विमान आकाशात गेले. आत काचेच्या खिडक्यांची बंद खोली व बसावयास खुर्च्या होत्या. सम्राट दुसरा निकोलस याने ते जातीने येऊन पाहिले आणि सिकोर्स्की यांस एक घड्याळ बक्षीस दिले. त्याहून मोठे विमान त्यानंतर झाले. त्यास रशियन लोककथांतील एका वीराच्या नावावरून इल्या मूरोमेत्स असे नाव दिले. फेब्रुवारी १९१४ मध्ये हे विमान सोळा माणसांस घेऊन उडाले.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सिकोर्स्की आपल्या तीन साथीदारांसह ह्या विमानातून सेंट पीटर्सबर्गहून कीव्हला गेले व परत आले. एका बाजूचे अंतर सुमारे १,२०० किलोमीटर होते. वाटेत ओर्शा गावाहून निघाल्यावर पेट्रोलची एक नळी तुटली आणि इंजिनाने पेट घेतला. खाली जमीन दूर, हाताशी पाणी नाही, आणि पंख लाकडाचे व कापडाचे. अशा स्थितीत त्यांचे साथीदार खोलीबाहेर निघून उडत्या विमानाच्या पंखावर चढले, आणि अंगातील जाड कोटांनी झोडपून त्यांनी ती आग विझविली. आपल्याकडील गावकरी डहाळ्यांनी वणवा झोडपतात, त्याच जातीचे हे काम. फरक इतकाच की ते अधांतरी चालले होते.

हे विमान उतारूंना सुखाने नेण्यासाठी योजिले होते. परंतु ते कीव्हहून परतल्यास महिनाही लोटला नाही तोच युरोपात महायुद्ध पेटले. मग इल्या मूरोमेत्स जातीची सत्तरांहून अधिक विमाने बांधण्यात आली, आणि ती बाँब टाकण्याच्या कामी लागली. सिकोर्स्की यांनी आपल्या देशाच्या रक्षणार्थ हे काम मनापासून केले. त्याबद्दल त्यांस दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही. परंतु खुर्च्या मांडलेली ती खोली आणि तिच्या खाली टांगलेले बाँब हे चित्र डोळ्यांपुढे आणले, म्हणजे आम्ही आरंभी जो प्रश्न विचारला तो किती खरा आहे हे ध्यानात येते.

परदेशातील दिवस

१९१७ साली रशियात राज्यक्रांती झाली. सम्राटाच्या बक्षिसाने ज्याचे नाव झाले होते त्याचा जीव आता सुरक्षित नव्हता. १९१८ साली सिकोर्स्की यांनी देश सोडला. घरदार, कारखाना, मान, सर्व मागे राहिले. फ्रान्समध्ये एक मोठे विमान बांधण्याचे काम मिळत होते, परंतु त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात युद्ध संपले व ते कामही संपले. मार्च १९१९ मध्ये ते न्यूयॉर्क बंदरात उतरले. त्यांचे वय तेव्हा तीस वर्षांच्या आतच होते.

अमेरिकेत त्या वेळी विमानकर्त्यांस कोणी विचारीत नव्हते. युद्धातील विमानेच विक्रीवाचून पडून होती. म्हणून ज्याने जगातील पहिले चार इंजिनांचे विमान उडविले तो मनुष्य निर्वासित रशियन कामकऱ्यांस गणित शिकवून व आकाशातील ताऱ्यांविषयी व्याख्याने देऊन पोट भरू लागला. असे दिवस सुमारे चार वर्षे गेले. ह्या दिवसांत त्यांनी कोणाविषयी कडवटपणा धरल्याचे आमच्या वाचनात नाही.

१९२३ साली काही देशबांधवांच्या साह्याने त्यांनी स्वतःची कंपनी काढली. कारखाना म्हणजे लाँग आयलंड येथील एका मित्राची कोंबड्या पाळण्याची वाडी. माल पुष्कळसा भंगारातून आणलेला, आणि कामगारांस वेळेवर पगार मिळेलच असा नेम नाही. अशा अडचणीत प्रसिद्ध संगीतकार सर्गेई रखमानिनॉव्ह, जे स्वतःही देश सोडून आलेले होते, त्यांनी पाच हजार डॉलरचे भाग घेऊन कंपनीस हात दिला. १९२४ साली पहिले विमान बाहेर पडले. पहिल्याच उड्डाणाच्या वेळी ज्या गड्यांनी ते उपाशीपोटी बांधले होते ते सर्व हौसेने आत चढले. त्यांस खाली उतरा म्हणावयास सिकोर्स्की यांची जीभ रेटेना. ओझे अधिक झाले, विमान आदळले, सुदैवाने माणसे वाचली. त्यांनी ते पुन्हा बांधले आणि ते उत्तम चालले.

ह्याहून कठीण प्रसंग पुढे होता. न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत न थांबता जाण्यासाठी फ्रान्सचे वैमानिक रेने फोंक यांच्याकरिता सिकोर्स्की यांनी तीन इंजिनांचे एक विमान बांधले. २१ सप्टेंबर १९२६ रोजी पहाटे पेट्रोलने काठोकाठ भरलेले ते विमान धावू लागले, पण जमीन सोडण्यापूर्वीच त्याच्या चाकांची मोडतोड झाली. धावपट्टीच्या टोकास असलेल्या उतारावरून ते खाली कोसळले व भडकले. चार माणसांपैकी दोघे बाहेर पडले. दोघे त्या आगीत जळून मेले. आपल्या हातचे विमान, आपल्या डोळ्यांदेखत, आणि विझविण्यास काहीही साधन नाही! बारा वर्षांपूर्वी कोटांनी विझली होती ती आग ह्या वेळी कशानेही विझली नाही. पुढच्याच वर्षी लिंडबर्ग यांनी एका लहान विमानातून तो प्रवास एकट्याने पुरा केला, आणि सिकोर्स्की यांच्या कंपनीस ह्या मोठ्या खर्चाचे काहीच फळ मिळाले नाही.

अशा घावाने पुष्कळांनी धंदा सोडला असता. सिकोर्स्की यांनी पाण्यावर व जमिनीवर दोन्हीकडे उतरणारे एक मजबूत लहान विमान बांधले. त्याची सुमारे शंभर विक्री झाली आणि कंपनी तरली. १९२८ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले. कंपनी पुढे एका मोठ्या उद्योगात सामील झाली व कनेक्टिकट प्रांतात स्ट्रॅटफर्ड येथे कारखाना गेला. तेथून समुद्र ओलांडणारी त्यांची मोठी जलविमाने निघाली.

तीस वर्षांनी

१९३८ च्या सुमारास जलविमानांची मागणी सरली आणि मालकांनी तो विभाग बंद करण्याचे ठरविले. सिकोर्स्की यांचे वय पन्नाशीस आले होते. मोबदला म्हणून त्यांनी एकच मागणी केली: आपले जुने सहकारी आपल्यापाशी राहू द्यावेत व हेलिकॉप्टरचा प्रयोग करू द्यावा. ती मान्य झाली, आणि कीव्हच्या आवारात अर्धवट राहिलेले काम पुन्हा हाती आले.

हेलिकॉप्टर का अवघड आहे हे थोडक्यात सांगतो. होडीत उभे राहून बांबूने काठास रेटले तर होडी उलट बाजूस सरते. त्याचप्रमाणे डोक्यावरचा मोठा पंखा इंजिनाने एका दिशेस फिरविला की खालचे धड उलट दिशेस फिरू पाहते. सोडून दिले तर ते भोवऱ्यासारखे गरगरेल. जर्मनीत फोके यांनी १९३६ साली दोन बाजूंस दोन मोठे पंखे लावून ही अडचण काढली होती व त्यांचे यंत्र चांगले उडाले होते, हे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे. सिकोर्स्की यांनी डोक्यावर एकच मोठा पंखा ठेवला आणि शेपटीस एक लहान पंखा आडवा बसवून धडास स्थिर धरले. ही रचना हलकी व सुटसुटीत ठरली, आणि जगातील बहुतेक हेलिकॉप्टरांनी पुढे तीच उचलली.

१४ सप्टेंबर १९३९ रोजी ते यंत्र दोरांनी बांधलेल्या स्थितीत काही सेकंद जमिनीवरून उठले. चालवावयास स्वतः सिकोर्स्की बसले होते, आणि डोक्यावर त्यांची नेहमीची फेल्ट हॅट होती. आपल्या नव्या यंत्रात पहिल्याने दुसऱ्याचा जीव घालावयाचा नाही, असा त्यांचा नेम होता; १९२६ च्या त्या पहाटेची आठवण असलेल्या मनुष्याच्या ठायी हा नेम शोभतो. १३ मे १९४० रोजी दोर सोडून उड्डाण झाले. आरंभी हे यंत्र वर, खाली, मागे व बाजूस जाई, पण नीट पुढे जाईना. तेव्हा महिन्यामागून महिना त्याची मोडजोड चालली. ६ मे १९४१ रोजी ते १ तास ३२ मिनिटे हवेत राहिले, आणि तोपर्यंतचा जगातील विक्रम मागे पडला. पुढच्या वर्षी तयार झालेली त्यांची दोन माणसांची हेलिकॉप्टरे कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडली. अशी ती जगातील पहिलीच होत.

हे सर्व पुन्हा महायुद्धाच्या दिवसांत घडले आणि पैसा सैन्याकडून आला. मग ह्या यंत्राचीही इल्या मूरोमेत्ससारखीच गती झाली काय? येथे हकीकत निराळी आहे. ३ जानेवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क बंदराजवळ एक लढाऊ जहाज स्फोट होऊन बुडाले. हिमवादळामुळे विमाने जाऊ शकत नव्हती, रस्ते अडलेले होते. तेव्हा तटरक्षक दलाच्या एका अधिकाऱ्याने सिकोर्स्की यांचे हेलिकॉप्टर घेऊन जखमींकरिता रक्तद्रव नेला. त्याच वर्षी एप्रिलात, आमच्याच देशातील आसामच्या लालाघाट येथून निघालेले असेच एक हेलिकॉप्टर ब्रह्मदेशाच्या जंगलात शत्रूच्या मुलखात शिरले. तेथे पडलेल्या एका विमानाचा वैमानिक व तीन जखमी सैनिक अडकले होते. यंत्र अशक्त, हवा उष्ण, आणि एका खेपेस एकच मनुष्य नेता येई. तरी दोन दिवसांत चौघेही बाहेर काढण्यात आले. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी, युद्ध संपल्यावर, कनेक्टिकटच्या किनाऱ्यापाशी एक तेलाची नौका वादळात खडकावर अडकली. तीवरील दोघांस हेलिकॉप्टरातून दोर सोडून वर उचलले. ते चालविणारे दिमित्री व्हायनर हे सिकोर्स्की यांचे भाचे होते.

ह्या वार्ता सिकोर्स्की यांस कोणत्याही पदकाहून अधिक गोड वाटत. १९५० पासून त्यांच्या कंपनीने, आपल्या हेलिकॉप्टरातून कोणाचा जीव वाचविणाऱ्यांस सन्मानचिन्ह देण्याची वहिवाट घातली.

सिकोर्स्की हे आजोबांच्या ऑर्थोडॉक्स मंडळीत अखेरपर्यंत श्रद्धेने राहिले. हेलिकॉप्टर सिद्ध होत होते त्याच काळात, १९४२ साली, त्यांनी प्रभूच्या प्रार्थनेचा अर्थ सांगणारे एक लहान पुस्तक प्रसिद्ध केले, आणि १९४७ साली अरण्यातील ख्रिस्ताच्या परीक्षेवर दुसरे लिहिले. सामर्थ्य हाती आल्यावर त्याचे काय करावे, हाच त्या परीक्षेतील प्रश्न आहे. दोन महायुद्धांत यंत्रे पुरविलेल्या मनुष्याने लिहावयास नेमका हाच विषय निवडला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

वणव्यावर

आता वणव्याच्या कामाकडे वळू. विमान वेगाने जाते, म्हणून त्यास लांब धावपट्टी पाहिजे व आगीवरून ते क्षणात निघून जाते. हेलिकॉप्टर हवेत एका जागी उभे राहू शकते. डोंगरातल्या तळ्यावर थांबून ते पाणी घेते, हळू जाऊन नेमक्या जागी ओतते, आणि तसेच माघारी फिरून पुन्हा घेऊन येते. १९४७ साली कॅलिफोर्नियातील अँजेलिस अरण्यात वणव्याच्या कामी हेलिकॉप्टर आणले गेले. ते सिकोर्स्की यांच्या नव्हे, बेल कंपनीच्या कारखान्याचे होते. परंतु डोक्यावर एक मोठा पंखा व शेपटीस लहान, ही घडण तीच होती. आग कोठवर आली हे पाहणे, व माणसे आणि हत्यारे कड्यावर उतरविणे, ही कामे आधी सुरू झाली. पाणी ओतणे मागाहून आले.

सिकोर्स्की १९५७ साली मुख्य कामावरून निवृत्त झाले, तरी सल्लागार म्हणून कारखान्यात जात राहिले. उतारवयात त्यांच्या मनाने एकच ध्यास घेतला होता: पोट नसलेले, केवळ कणा, पंखे व इंजिने असलेले असे हेलिकॉप्टर की जे पोटाखाली वाटेल ते अवजड ओझे टांगून नेईल. रस्ता नाही तेथे रुग्णालयाची खोली, पुलाचा सांगाडा अथवा धान्य नेता यावे. पहिला नमुना १९५९ साली उडाला, आणि ९ मे १९६२ रोजी त्याची मोठी आवृत्ती उडाली. नाकतोड्यासारखे दिसणारे हे यंत्र सुमारे नऊ हजार किलो ओझे उचलते.

परंतु जुना प्रश्न पुन्हा आलाच. अमेरिकेच्या सैन्याने ही यंत्रे व्हिएतनामच्या युद्धात नेली. तेथे त्यांनी पडलेली शेकडो विमाने उचलून आणली, आणि जंगल मोकळे करण्यासाठी प्रचंड बाँबही टाकले. रुग्णालयाची खोली उचलणारा हात बाँबही उचलू शकतो. सिकोर्स्की २६ ऑक्टोबर १९७२ रोजी कनेक्टिकटमधील ईस्टन येथे आपल्या घरी, ८३ व्या वर्षी मरण पावले, तेव्हा ते युद्ध चालूच होते.

ह्या यंत्राचे पुढे काय झाले ते सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. ओरेगॉन प्रांतातील एरिक्सन कंपनी त्याने डोंगरातील ओंडके वाहून नेत असे. तिने १९९२ साली ह्या यंत्राचे हक्क सिकोर्स्की कंपनीकडून घेतले आणि त्याच्या रिकाम्या पोटाखाली पाण्याची टाकी बसविली. तीत सुमारे १०,००० लिटर पाणी राहते, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या खेड्यांस पाणी आणणाऱ्या एका मोठ्या टँकरइतके. खाली सोडलेल्या जाड नळीने गुडघाभर पाण्याच्या तळ्यातूनही ती एका मिनिटाच्या आत भरते. २००१ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात सिडनीच्या आसपास भयंकर वणवे लागले असता ह्या जातीच्या एका हेलिकॉप्टरने आगीने वेढलेल्या चौदा अग्निशामकांभोवती पाणी ओतून त्यांस वाट करून दिली. लोकांनी त्या यंत्रास लाडाने एल्व्हिस असे नाव दिले होते. एके काळी सैन्यात असलेल्या यंत्राने हे काम केले.

येथे एका गोष्टीची सावधगिरी सांगणे आमचे कर्तव्य आहे. यंत्र आले म्हणजे वणवा संपला, असे नव्हे. ७ फेब्रुवारी २००९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात, हेलिकॉप्टरांची सोय असताही, सोसाट्याच्या तप्त वाऱ्यापुढे कोणाचे काही चालले नाही. त्या वणव्यांनी १७३ माणसे घेतली. वरून पडलेले पाणी आगीचा जोर मोडते. ती अखेर विझवितात ते जमिनीवरचे लोक, हातात फावडे, कोयता व डहाळी घेऊन. आकाशातले साह्य हे त्यांस मिळालेली उसंत होय. म्हणून गोव्यात वा उत्तराखंडात हेलिकॉप्टर आल्याचे आपण ऐकले, तरी आपल्या शिवारातील जाळरेषा वेळेवर काढण्याचे काम राहूच देऊ नये.

गोव्याच्या रानावर पाणी ओतणारी वायुदलाची हेलिकॉप्टरे रशियन बनावटीची होती. ज्या रशियातून सिकोर्स्की जीव वाचवून निघाले, तेथील यंत्रज्ञांनी ती मागाहून रचली; तरी त्यांच्याही डोक्यावर एक मोठा पंखा आणि शेपटीस लहान पंखा आहे. देश सुटला, पण काम देशाच्या सीमा ओलांडून सर्वांच्या उपयोगी पडले.

मनुष्य आपल्या कृतीचा पुढील उपयोग बांधून ठेवू शकत नाही, हे सिकोर्स्की यांच्या चरित्रावरून दिसते. परंतु ती कोणत्या हेतूने घडवावी हे त्याच्या हाती असते, आणि तो हेतू कृतीच्या घडणीत उतरतो, हेही दिसते. त्यांच्या पहिल्या विमानांचा गुण दूर जाण्याचा व मोठे ओझे नेण्याचा होता. ती सहज बाँबफेकी झाली. हेलिकॉप्टरचा विशेष गुण थांबण्याचा आहे. यरीहोच्या वाटेवर जखमी मनुष्याजवळून याजक व लेवी निघून गेले, शोमरोनी थांबला, आणि थांबला म्हणूनच त्याच्या हातून साह्य घडले. जेथे दुसरे कोणी पोहोचू शकत नाही तेथे जाऊन थांबता यावे, ह्यासाठी सिकोर्स्की यांनी तीस वर्षे वाट पाहिली. ह्या यंत्राने सैन्यातही चाकरी केली. तरी पुरात, वादळात व वणव्यात सापडलेल्या माणसाचे डोळे आज ज्याची वाट पाहतात ते हेच यंत्र होय. आपल्या हातून घडणारे काम लहान असो वा मोठे, ते कोणापर्यंत पोहोचण्यासाठी आपण करीत आहो, हे प्रत्येकाने स्वतःस विचारून पाहावे.